वरची रेघ

वणी मागं पडली की एसटीत माणसं कमी
आणि टोपल्या जास्त.
सुरगाण्याच्या पुढं खिशातला मोबाइल थरथरला:
गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.
कंडक्टर म्हणाला, खोटं बोलतोय तो,
अजून चार वळणं महाराष्ट्रच आहे.

मांडीवर पेटी. आत शंभर चष्मे,
आणि सुरळी करून दोन तक्ते,
एक मराठी, एक गुजराती.
सातपूरच्या दुकानात मालक म्हणाले होते,
दोन्ही ने. तिकडं कोण काय वाचेल, सांगता येत नाही.

मी गोदाकाठचा.
नदी म्हणजे मला पूर्वेला जाणारी,
पायऱ्या मोजून उतरायची, पुलावरून नमस्कार करायची.
ही चाललेली पश्चिमेला,
आणि गावासमोर येऊन तिचे तीन फाटे झालेले,
मधे गाळाचं बेट, बेटावर कुणाची तरी वांगी.
हे कुणाचं?
पावसाळ्यात नदीचं, यशवंत भोये म्हणाला,
एरवी ज्याची म्हैस आधी पोचंल त्याचं.

बाजाराचा दिवस होता.
मुर्तुजाभाई बोहरी खिळे तोलत होते,
आकडे गुजरातीत, उधारी मराठीत,
तराजूला शिव्या मात्र इथल्या डांगीत.
दवाखान्यातल्या अन्सी सिस्टर, माहेर कोट्टायम,
नागलीच्या भाकरीवर सुके बोंबील घेऊन बसलेल्या,
म्हणाल्या, सोळा वर्षं झाली, तिखट अजून कमीच पडतं.
सिल्वासाहून सुट्टीवर आलेली वारली पोरं
कंपनीच्या टी-शर्टात.
खुरासणीच्या एका मापावरून
एक मुलगी तिघांशी तीन भाषांत भांडली
आणि चौथीत हसली.

शाळेच्या पडवीत तक्ते टांगले, शेजारी शेजारी.
तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.
ग तोच, म तोच, न तोच.
आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
त्यांची दोरी कुणीतरी सोडून नेलेली,
तरी ती खाली पडली नव्हती.
पोरांनी दोन्ही तक्ते एका दमात वाचले,
कुठं एक संपला त्यांना कळलं नाही,
मी हटकलं नाही.

मग जिवलीबाई महाले.
वय विचारल्यावर म्हणाली, लिही तुला आवडंल ते.
अक्षर दोन्हीकडचं येत नाही,
म्हणून तिसरा तक्ता काढला, फणीचा.
दाते कुठल्या बाजूला, बोट दाखव.
वर, खाली, डावं, उजवं असलं काही तिनं म्हटलंच नाही.
डोंगराकडं, म्हणाली.
बाजाराकडं.
नदीकडं. नदीकडं. बहिणीकडं.
बहिणीकडं म्हणजे?
तिनं पाण्यापलीकडच्या पत्र्याच्या छपराकडं हनुवटी केली.
मी कार्डावर लिहिलं: उजवीकडे.
सहाव्या ओळीवर थांबली.
इथं फण्या नाहीत, धुकं आहे.

अडीचचा नंबर. चष्मा चढवला.
मला वाटलं, आता पलीकडं बघंल.
तिनं स्वतःचा तळहात डोळ्यांशी आणला,
केसातली पिन काढली
आणि अंगठ्याखालचा काटा उपसून टाकला.
दिवाळीपासून होता, म्हणाली, दिसत नव्हता नुसता.

मग म्हणाली, अजून एक दे. बहिणीला.
मी म्हणालो, तपासल्याशिवाय कसा देऊ?
अरे, तिलाही एवढंच दिसत नाही.

योजना राज्यापुरती.
रजिस्टरात नाव, गाव, तालुका,
शेवटचा रकाना राज्याचा,
आणि प्रत्येक पानाला वरून छापील जाड रेघ.
पेन हातात धरून मी बराच वेळ
भोयेच्या म्हशीकडं बघत राहिलो.
ती फाटा ओलांडत होती, पोटापर्यंत पाण्यात,
कुणालाही न विचारता.

रात्री दुकानात हिशेब केला. एक चष्मा कमी भरला.
मालकांना सांगितलं,
घाटात फुटला.